एकदा म्हणजे बोलत राहा

१४ सप्टेंबर, रविवार
अल्बमचं रेकॉर्डिंग झालं. ग्रेंज हॉल, म्हणजे शेतकऱ्यांचं जुनं सभागृह, रेडमंडपासून तासाभरावर, भोवती गायी आणि ब्लूबेरीची शेतं. चार ट्रॅक: माझ्या मैत्रिणीचा, केतकीचा माइक, माझा बॅंजो, आणि दोन माइक फक्त लोकांच्या हसण्यासाठी. हॉल भरला होता. डेल (हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, बासही तोच वाजवतो) म्हणाला, "ट्रॅक्टरच्या लिलावाला पण इतके येत नाहीत."

बाहेर पाऊस, आत दिव्यांची गरमी. तारा सारख्या उतरत होत्या. प्रत्येक गाण्यानंतर माझं ट्यूनिंग, आणि ते चालू असेपर्यंत के.चं बोलणं. तिची सगळी कॉमेडी माझ्या उतरलेल्या तारांवर चालते असं ती स्टेजवरून सांगते. खरं आहे. गेल्या वर्षी इथल्या जॅममध्ये (जमेल त्याने येऊन वाजवायची बैठक) मी ट्यून करायला थांबले, ती शांतता तिला सहन झाली नाही आणि ती माइकपाशी जाऊन बोलायला लागली. लोक हसले. तेव्हापासून हे. खूणही तेव्हाचीच: पाचवी तार एकदा छेडली तर 'अजून वेळ आहे, बोलत राहा'. दोनदा छेडली तर 'झालं, आटप'.

आज चौथ्या गाण्यानंतर तिने क्युपर्टिनोची गोष्ट सांगितली. मला न विचारता. मी तिथेच स्टुलावर, बोटांत वाजवायच्या नख्या, मांडीवर बॅंजो. उठून जाता येत नव्हतं. शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यात मोठा हशा तिथेच.

परतताना गाडीत:
"मस्त झालं ना?"
"लेव्हल्स ठीक आहेत."
"अनघा. यार. एवढंच?"
"एका ठिकाणी आवाज क्लिप होऊन फाटलाय. बाकी ठीक."

१५ सप्टेंबर, सोमवार
ऑफिस. कॉल चालू असताना मागचा कुत्रा, मिक्सर, लहान मूल ऐकू येऊ नये, हे माझं काम. आज एक बाळ पूर्ण घालवलं. आईचा आवाज शाबूत.

कालचं डोक्यातून जात नाही. फक्त नोंद म्हणून लिहिते. क्युपर्टिनोच्या निखिलशी साखरपुडा जानेवारीत, नागपूरला. स्थळ विद्यामावशीने आणलेलं. जूनमध्ये मी नाही म्हटलं. कारण कोणाला सांगितलं नाही, कारण मलाच ते एका वाक्यात मांडता येत नव्हतं. आई सगळ्यांना सांगते की व्हिसाच्या स्टॅम्पिंगमुळे लग्न पुढे गेलंय. मावशीलासुद्धा तेच. सख्ख्या बहिणीला.

के.ला जुलैमध्ये एकदाच सांगितलं होतं, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना. दोन-तीन वाक्यं. ती तेव्हा हसलीही नव्हती.

आता ते अल्बमवर जाणार. पोर्टलंडच्या त्या छोट्या कंपनीने घेतलाय, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं हवंय. अल्बम नेटवर येणार. नागपूरच्या घरी नेट आहे. मावशीची मुलगी तर माझ्या नावाने दर आठवड्याला काहीतरी शोधून आईला पाठवते.

२० सप्टेंबर, शनिवार
एडिटिंग सुरू केलं. के.चं बोलणं चालू असताना खाली सतत माझं टिंग-टिंग. सरळ गोंधळ आहे. ऑफिसमध्ये जे करते तेच केलं: बोलणं ठेवलं, टिंग काढलं, रिकाम्या जागा आवळल्या. स्वच्छ झालं.

क्यु.च्या गोष्टीवर पण तेच केलं. न ऐकता. नुसत्या लाटा बघून.

आईचा फोन. शेजारच्या बाईंना तिने अखेर सांगितलं की अनु बॅंजो वाजवते. त्यांनी विचारलं, "म्हणजे वरातीपुढे?" आई म्हणाली, "नाही हो, गिटारसारखं असतं." मग मला: "असतं ना गं?" म्हटलं, साधारण. आई म्हणाली, "तिकडे तरी कोणाला सांगू नकोस."
इकडे सगळ्यांना माहीत आहे. आईला हेच माहीत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
के.ने ऐकलं. रात्री सव्वा मिनिटाचा व्हॉइस मेसेज, त्यातला निम्मा नुसता श्वास. मग दारात स्वतःच आली, क्लिनिकच्या कपड्यांत. (फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे वाकवत विनोद सुचतात म्हणते.)

"काय केलंस तू? माझे सगळे जोक्स मेलेत."
"नॉइज काढला फक्त."
"कुठला नॉइज?"
"माझा. ट्यूनिंगचा."
ती सोफ्यावर बसली.
"आय गिव्ह अप. तुला खरंच वाटतं तू मागे बसून तारा पिळत असतेस?"
"दुसरं काय करत असते?"
"तू मला उत्तर देत असतेस, डम्बो. मी काहीतरी फेकते, तू टिंग करतेस, लोक मरतात. मूळ ऐक ना, प्लीज. एकदा."

मला ते पटलं नाही. ट्यूनिंग कधी संपेल ते तारेवर अवलंबून असतं, जोकवर नाही.

जाताना दारातून म्हणाली, नोव्हेंबरअखेर ती इलिनॉयला, शॉमबर्गला घरी परत जातेय. बाबांचं बायपास झालंय, आई बर्फात ड्राइव्ह करत नाही. "सो हे पुन्हा रेकॉर्ड नाही होणार, कळलं? जे आहे ते हेच आहे."
क्यु.बद्दल तिने काही विचारलं नाही. मीही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
मूळ ऐकलं. चारही ट्रॅक, हेडफोनवर, सकाळपासून.

के. बरोबर आहे. बॅंजोचा सूर फार लवकर मरतो, म्हणून वाजवणाऱ्याचा हात थांबत नाही. इथे मात्र माझा हात थांबलाय. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत. मग एक टिंग, हशा. तिने डेलच्या बुटांची चेष्टा केली तिथे मी जाड तार खुंटी सैल करत खाली घसरवलीय, कण्हल्यासारखी. लोक टाळ्या वाजवतायत. हे मी केलंय? मला आठवत नाही.

मग क्यु. ते आज पहिल्यांदा ऐकलं. जसं आहे तसं उतरवते (इंग्रजीतून, माझ्या शब्दांत):

"माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका जुळली, पगार जुळले, ब्लड ग्रुपसुद्धा. मुलगा क्युपर्टिनोचा..." इथे ती थांबते. लांब गॅप. मग माझी पाचवी तार. एकदा. लोक थोडे हसतात. ती पुढे जाते. "एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर त्याला बॅंजो वाजवून दाखवला. अख्खं गाणं. तो हललासुद्धा नाही. तिला वाटलं, स्क्रीन फ्रीज झाली. गाणं संपलं. आणि तो म्हणाला: हे किती दिवस चालणार?" हशा. "तिने अजून उत्तर दिलेलं नाही." माझ्याकडे बोट. "ती अजून ट्यून करतेय."

गॅपमध्ये ती माझ्याकडे बघत होती. विचारत होती. आणि मी एकदा छेडली. बोलत राहा.

वाटलं, योगायोग. खरंच ट्यूनिंग चालू असेल. म्हणून पिच मोजली. पाचही तारा सुरात होत्या, त्या टिंगच्या बऱ्याच आधीपासून. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. दोनदा छेडून तिला थांबवता आलं असतं.

पुन्हा मोजली. तेच.

२८ सप्टेंबर, रविवार
के.कडे गेले. तिने वरण-भात केला होता, वरणात कुठलासा टाको मसाला. खाल्लं.

"त्या दिवशी तू मला विचारलंस."
"ऑफ कोर्स विचारलं. क्युपर्टिनो म्हटलं आणि थांबले. डबल आलं असतं तर मी ब्लड ग्रुपवरच वळवलं असतं, माझ्याकडे बॅकअप होता. रक्तदानाचा. इट्स नॉट इव्हन गुड."
"स्टेजवर विचारतात का असलं?"
"गाडीत विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"
नाही म्हणाले असते. तिला तसं सांगितलं.
"एक्झॅक्टली," ती म्हणाली. मग जरा वेळाने: "सॉरी. बोट दाखवलं ते ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप झालं. तू कट म्हणालीस तर कट. पण मग मधे भोक पडेल, यू नो दॅट."

मला माहीत आहे. तो ट्रॅक अल्बमच्या बरोबर मध्यावर आहे, त्याच्या आधीचे लोक पाहुण्यांसारखे हसतात आणि नंतरचे घरच्यांसारखे.

तिला सांगितलं: माझी हरकत नाही. पण दोन माणसांना आधी विचारायचं. आई, आणि नि.
"त्याला?! एक्सला विचारून कोण जोक करतं?"
"विनोद त्याच्यावर आहे."
"तुझ्यासारखी वेडी मी अख्ख्या इलिनॉयमध्ये पाहिली नाही."
डबा भरून दिला. टाको-वरण, तीन दिवसांचं.

४ ऑक्टोबर, शनिवार
नि.ला मेसेज. चार वेळा लिहून खोडला. शेवटचा: 'आम्ही अल्बम करतोय. त्यात तुझ्या एका वाक्यावर विनोद आहे. नाव नाही, गाव आहे. फाइल जोडली आहे. नको असेल तर काढेन.' जूननंतरचा पहिला मेसेज.

आईचं राहिलंय. तिकडे सकाळ होईपर्यंत मी जागी होते, तरी फोन केला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
आईला ऐकवलं.

आधी समजावून सांगितलं की स्टेज आहे, मैत्रीण आहे, ती विनोद करते, मी वाजवते. मग फोन स्पीकरला लावून ट्रॅक. आईचं इंग्रजी बँकेतलं, ठीकठाक, पण के. भरभर बोलते. वाटलं, निम्मं निसटेल.

गॅपपाशी, माझ्या टिंगवर, आई खुदकन हसली. लोकांच्या आधी.
"काय झालं?"
"ती तूच ना? लहानपणी काही विचारलं की चमचा वाटीवर एकदा आपटायचीस. तोंडातून शब्द नाही. तुझे बाबा म्हणायचे, बाईसाहेबांनी हजेरी दिली."

मला हे आठवत नव्हतं. पुढचं तिने शांतपणे ऐकलं. शेवटी हशा खूप मोठा, फोनमध्ये फाटला.

"म्हणजे म्हणून मोडलंस?"
"नाही. फक्त तेवढ्यासाठी नाही."
"मग?"
आई थांबली. माझ्या उत्तरासाठी ती इतका वेळ पहिल्यांदाच थांबली असेल. मग म्हणाली, "असू दे. विद्याला काय सांगू पण? मी तिला चार महिने स्टॅम्पिंग सांगतेय. ती दर शुक्रवारी तुझ्या व्हिसासाठी देवीला जाते, माहितेय?"
माहीत नव्हतं.
"भाऊबीजेला सगळे तिच्याकडे जमतो. तेव्हा मी सांगते. त्याच्या आधी ते बाहेर काढू नका. तिला दुसऱ्याकडून कळलं ना, तर माझं काही खरं नाही."
कबूल केलं.
ठेवताना: "अनु, वाजवतेस मात्र छान हो. वरातीसारखं नाहीये अजिबात."

१८ ऑक्टोबर, शनिवार
नि.चं उत्तर. दोन आठवड्यांनी. जसंच्या तसं:

'दोनदा ऐकलं. स्क्रीन फ्रीज वगैरे हसलो. मी तसं म्हणालो होतो, मान्य. पण त्याच्या आधी मी म्हणालो होतो की परत वाजव, आणि तू परत वाजवलंस. ते त्यात नाही. किती दिवस चालणार हे मी विचारलं कारण तुझ्या बुधवारच्या जॅममुळे आपले कॉल बंद झाले होते. चुकीचं विचारलं असेन. ठेवायचं तर ठेवा, माझी ना नाही. ते एक वाक्य घालता आलं तर बघ.'

बरोबर आहे. त्याने परत वाजवायला सांगितलं होतं. मी वाजवलं होतं, दुसऱ्यांदा जास्त चांगलं. के.ला सांगताना हे सांगितलंच नाही. लपवलं असं नाही. सांगायची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्ण वाटत होती.

आता वाटत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
के.ला मेसेज दाखवला. तिने वाचला, फोन उलटा ठेवला.
"शिट. ही इज नाइस."
"हो."
"अगं, नाइस माणसावर कोण हसणार? 'परत वाजव' घातलं की लोक त्याच्या बाजूला जातात. मग शेवटी मी तुझ्याकडे बोट दाखवते तेव्हा तू व्हिलन."
"असेन."
"नाहीयेस, यार." खूप जोरात म्हणाली. मग हळू: "तूच सांग. आहे तसं सोडायचं? त्याने हो म्हटलंय. लीगली, मॉरली, वॉटेव्हर, आपण क्लिअर आहोत."
"जे आहे ते चूक नाही. अपुरं आहे."
"कॉमेडी म्हणजेच ते."

ट्रॅक तसाच ठेवला, नाव अजून दिलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
भाऊबीज तिकडे. आईचा फोन मीटिंगमध्ये आला, बाहेर जाऊन घेतला. मागे भांडी, मुलं, कोणीतरी 'चकली कुठेय' ओरडतंय. ऑफिसच्या सॉफ्टवेअरने सगळं साफ केलं असतं.

"सांगितलं."
"मग?"
"म्हणाली, मला गणपतीतच कळलं होतं. निखिलच्या आईनेच सांगितलं तिला. तू सांगशील म्हणून वाट बघत होते म्हणाली. मेली, मला दर शुक्रवारी देवीचा प्रसाद देत होती आणि तोंड सरळ!"
"रागावलीय?"
"माझ्यावर. तुझ्यावर नाही. थांब, ती बोलतेय."
मावशी: "काय गं, ट्यूनिंग झालं का?"
म्हणजे आईने ऐकवलं होतं. सगळ्यांना. डायनिंग टेबलवर.
हातात पेन होतं, ते काचेवर एकदा आपटलं.
तिकडे हशा.

२ नोव्हेंबर, रविवार
हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली. पाचलाच अंधार.

पोर्टलंडवाल्यांना सगळं पाठवलं, मधला ट्रॅक सोडून. त्यांनी विचारलं, तो कधी. लवकर, म्हटलं. के. बॉक्स भरतेय. तिचा सोफा डेल घेऊन गेला, हॉलमध्ये ठेवणार म्हणे. त्यावर बसून डेलने विचारलं, "अनागा, ती गेली की ट्यून करताना कोण बोलणार?"
म्हटलं, तू.
"मी ऐंशीच्या दशकापासून बोललेलो नाही," तो म्हणाला.

रात्री बॅंजोवर नवीन तारा चढवल्या. नव्या तारा जास्त उतरतात. डेलला तसं सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
के.चा शेवटचा जॅम, तिच्यासाठी बुधवारऐवजी आज. रेकॉर्डर नेला होता, तेच चार माइक, तीच जागा. तिला म्हटलं, सहज.

लोक कमी. पाऊस. तिसऱ्या गाण्यानंतर नव्या तारा अपेक्षेप्रमाणे उतरल्या, मी खुंट्यांना हात घातला, ती माइकपाशी गेली. शॉमबर्ग, बाबांचं पथ्य, आईचं बर्फातलं ड्रायव्हिंग. छान चाललं होतं. मग: "माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं..."

ठरलं नव्हतं. माझ्याकडे न बघता सुरू केलं. पत्रिका, पगार, ब्लड ग्रुप, क्युपर्टिनो. या वेळी ती तिथे थांबली नाही. गाणं संपलं. तो म्हणाला: "परत वाजव."

कोणी हसलं नाही. मागे कॉफीच्या मशीनचा आवाज येत होता.

"तिने परत वाजवलं," के. म्हणाली. "या वेळी चांगलं. तिनेच सांगितलंय मला, ती असल्या बाबतीत खोटं बोलत नाही. आणि मग तो म्हणाला: हे किती दिवस चालणार?"

एक-दोघं हसले, जपून. पुढच्या रांगेतल्या बाई "ओह, हनी" म्हणाल्या. त्या माझ्यासाठी म्हणाल्या की त्याच्यासाठी, कळलं नाही. के.चा चेहरा बघितला. घाम. पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. जुनं बोट इथे चालणार नाही, हे तिलाही कळलं होतं. आता तिने माझ्याकडे बघितलं.

तारा लागलेल्या होत्या. पाचही. ट्यूनरचा दिवा हिरवा, तिलाही दिसत होता. दोनदा छेडली असती तर गाणं सुरू झालं असतं, ती सुटली असती, मीही.

पाचवी तार. एकदा.

ती हसली, मान हलवली, माइक हातात घेतला आणि बोलायला लागली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी बोटांकडे बघत होते. लोक हसत होते का, कधी हसले, तेही सांगता येणार नाही. डेलने नंतर पाठीवर थाप मारली, पण तो सगळ्यांनाच मारतो.

रेकॉर्डर चालू होता. कार्ड टेबलावर आहे. सप्टेंबरचा आणि आजचा, दोन्ही ट्रॅकना एकच नाव दिलंय, आजचा अजून ऐकलेला नाही.